काटा बघितला होता

आमच्या गावात 'पॅनेल' या शब्दाला दोन अर्थ होते. एक पॅनेल सोसायटीच्या निवडणुकीतलं. ते पाच वर्षांतून एकदा उभं राहायचं, आणि त्या महिन्यात भाऊ भावाशी बोलायचा नाही. दुसरं पॅनेल विहिरीवरच्या मोटरखोलीतलं. लाकडी फळीवर स्टार्टर, तीन फ्यूज, एक व्होल्टमीटर, एक अँपिअर मीटर आणि सिंगल फेज प्रिव्हेंटरची एक लोखंडी डबी. हे पॅनेल रोजच उभं असायचं आणि त्याच्यावरनं बापलेकांत रोजच बोलाचाली व्हायची.

तिसरा अर्थ मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळला. तो विमानातल्या पॅनेलचा. पण तिथं जायच्या आधी विहिरीवरनं जावं लागेल, कारण माझ्या डोक्यातली वाट तिथूनच जाते.

सोलापूरपासून अक्कलकोटच्या अंगाला आमची सहा एकर काळी रानं. त्यातल्या दीड एकराला विहिरीचं पाणी. १९८५ च्या हिवाळ्यात त्या दीड एकरात कांदा होता आणि त्या कांद्यावर अक्काचं लग्न होतं. अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सोयरीक ठरली होती, सुपारी फुटली होती. मी एकोणीस वर्षांचा, आयटीआयमधनं वायरमनचं शिकून नुकताच घरी आलेला. गावात माझं नाव 'लाइटीचं पोरगं' पडलं होतं.

त्या दिवसांत लाइटीचा एक फेज वरचेवर जायचा. तीन फेजची मोटर दोन फेजवर चालली, तर राहिलेल्या दोन तारांतनं करंट जास्त ओढते आणि तापते. ते होऊ नये म्हणून प्रिव्हेंटर असतो. एक फेज गेला की तो मोटर बंद पाडतो. पण शेतकऱ्याला बंद मोटर दिसते, वाचलेली मोटर दिसत नाही. एका रात्री प्रिव्हेंटरनं तीनदा मोटर पाडली. आप्पा वैतागले.

"डायरेक्ट करून टाक," म्हणाले.

"आप्पा, जळंल."

"चाळीस वर्सं हिरीवर हाय मी. मोटरीचा आवाज मला कळतो. तू तार जोड, आवाज मी बघतो."

मी वीतभर तार सोलली आणि प्रिव्हेंटरला वळसा घालून जोडली. मोटर चालू झाली. आमची मोटर पाच हॉर्सची. अँपिअर मीटरचा काटा तिला सातच्या आसपास पाहिजे. तो बाराच्या पुढं गेला. बॅटरीच्या उजेडात मला तो स्वच्छ दिसला. मी आप्पांच्या तोंडाकडं बघितलं.

"काटा मेलाय त्येचा," आप्पा म्हणाले. "बघ की, कशी गोड चाललीया."

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मलाही झोप आली होती. काटा मेला नव्हता हे मला ठाऊक होतं, कारण दोनच आठवड्यांपूर्वी तो मीच बसवला होता. पण बापाच्या तोंडापुढं मी काटा खोटा पाडला.

पहाटे मोटरखोलीतनं वॉर्निश जळाल्याचा वास आला. रिवाइंडिंगवाल्याकडं आठ दिवसांची रांग होती. कांद्याला शेवटच्या चार पाळ्या राहिल्या होत्या, त्या चुकल्या. कांदा लिंबाएवढा राहिला. लग्न पुढं ढकललं आणि पुढं ढकलेपर्यंत ती सोयरीक मोडली. अक्काचं लग्न १९८७ साली दुसरीकडं झालं. माणूस चांगला मिळाला. पुढं अक्का हसत म्हणायची, "तू मोटर जाळलीस म्हणून मला हे मिळाले." सगळे हसायचे. मीपण हसायचो. पण ते दीड वर्ष ती घरात कशी वावरली, हे मी बघितलेलं होतं.

आप्पांनी त्या रात्रीबद्दल मला कधी बोल लावला नाही. नवीन मोटर आली तेव्हा जुना अँपिअर मीटर त्यांनी काढून घेतला आणि सोप्यात देवळीत ठेवला. तो आजही तिथं आहे.

पुढं मी सोलापुरात आलो. या गावाला पहिली कापड गिरणी १८७७ साली मिळाली, तीच 'जुनी गिरणी'. मी आलो तेव्हा गिरण्यांचे शेवटचे दिवस चालले होते आणि चादरी-टॉवेलच्या यंत्रमागांचे बरे. एमआयडीसीत छोटा गाळा भाड्यानं घेतला आणि कंट्रोल पॅनेल बनवायला लागलो. पंचवीस वर्षांत किती बनवली याचा हिशोब नाही. माझा एकच हट्ट असायचा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबराचं फेरूल पाहिजे, आणि गिऱ्हाइकानं कितीही सांगितलं तरी प्रिव्हेंटर डायरेक्ट करून देणार नाही. त्या हट्टापायी काही गिऱ्हाइकं गेलीसुद्धा.

घरी बनवलेलं विमान मी पहिल्यांदा बघितलं ते २०१६ च्या फेब्रुवारीत. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'चा आठवडा भरला होता. पॅनेलच्या सामानाचे भाव बघावेत म्हणून मी गेलो होतो. तिथं एक सहा आसनी विमान उभं होतं. सातारकडच्या घरातले वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी ते कांदिवलीत, चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधलं होतं. त्यांचा हा तिसरा प्रयत्न होता. विमानाच्या नावातला ००३ हा आकडा तेच सांगत होता. सामान जिन्यानं वर नेलेलं आणि झालेलं विमान सुटं करून खाली आणलेलं. गर्दी एवढी, की मला आतलं पॅनेल काही दिसलं नाही. पंखाला मात्र हात लावून आलो. माझ्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा आपल्या नातवाला सांगत होता, "आपल्यातल्याच माणसानं केलंय बरं का." पुढचं सगळं पेपरातनं वाचत गेलो. २०१७ च्या नोव्हेंबरात विमानाची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उडवायची परवानगी मिळाली आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरनं ते उडालं. बांधायला जेवढं कष्ट, तेवढंच कागद मिळवायला.

अशा वेळी मराठी माणूस शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव काढतोच. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली. तळपदे हे खरे माणूस, त्यांची धडपडही खरी असणार. पण ते विमान किती उंच गेलं, किती वेळ गेलं, हे त्या वेळी मोजून लिहून ठेवलेलं काही हाती नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली दाखवून दिलं. उलट राइट बंधूंकडं बघा. तेही सायकली दुरुस्त करणारे, घरीच विमान बांधणारे. १७ डिसेंबर १९०३ ला पहिलं उड्डाण झालं ते १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं. हे आकडे आपल्याला माहीत आहेत, कारण त्या विमानावर तीन यंत्रं बांधलेली होती. एक घड्याळ, एक वाऱ्याचा वेग मोजणारं आणि एक इंजिनाचे फेरे मोजणारं. जगातल्या पहिल्या घरगुती विमानाचं पॅनेल तेच. अभिमान दोघांचाही धरावा. पण इतिहासाला काटा लागतो, हे माझ्यासारख्या वायरमनला लगेच पटतं.

आता अक्काच्या मुलाकडं येतो. तो १९८९ चा. संगणकाचं शिकून अमेरिकेत टेक्सासला गेला. तिथं घरी विमान बांधायचा छंद पुष्कळांना आहे. १९५३ साली त्यांनी आपली संघटनाच काढली. पुढं किटचे कारखाने निघाले. पत्रा, रिबा, आराखडे असं सगळं खोक्यातनं घरी येतं आणि माणूस आपल्या गॅरेजमध्ये दहा-दहा वर्षं रिबीट मारत बसतो. 'व्हॅन्स'च्या आरव्ही जातीची अशी दहा हजारांवर विमानं लोकांनी बांधून उडवली आहेत. भाच्यानं एका निवृत्त कारागिरानं १९९० च्या सुमारास बांधलेलं, शेजारी-शेजारी दोन जण बसतील असं आरव्ही-६ विकत घेतलं. २०२२ च्या उन्हाळ्यात एका रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"मामा, पॅनेल बदलायलोय. बघा जरा."

त्यानं मोबाइल आत धरला. जुन्या जीपच्या डॅशबोर्डासारखी काळी पत्र्याची फळी आणि तिच्यात सहा गोल घड्याळं. तो एकेक दाखवत गेला. हवेतला वेग, कृत्रिम क्षितिज, उंची, वळण, दिशा, चढउतार. जगभरच्या लहान विमानांत हीच सहा आणि साधारण याच जागी असतात. एकदा शिकलेला वैमानिक दुसऱ्या विमानात बसला तर डोळे शोधत फिरायला नकोत.

ही सहा घड्याळं कशासाठी जमली, हे मला तेव्हा समजलं. ढगात शिरल्यावर माणसाला वर-खाली कळत नाही. कानातला तोल फसवतो. विमान हळूहळू एका बाजूला कलंडत असतं आणि बसलेल्याला वाटतं सरळ चाललंय. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात वीस शिकाऊ वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही असं करून उडवून बघितलं. वीसच्या वीस जणांच्या हातनं विमान ताब्याबाहेर गेलं. सरासरी वेळ लागला १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत! 'आवाज मला कळतो' म्हणणाऱ्याला आभाळात एवढीच मुदत आहे.

त्याच्या आधी पंचवीस वर्षं, २४ सप्टेंबर १९२९ ला, न्यूयॉर्कजवळ जिमी डूलिटल या वैमानिकानं आपली बैठक वरनं झाकून घेतली आणि बाहेर एकदाही न बघता विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलं. पुढच्या जागेवर एक जण जपणूक म्हणून होता, पण त्याला हात लावायची वेळ आली नाही. डूलिटलपुढं रेडिओ होता, स्पेरींचं कृत्रिम क्षितिज होतं आणि कोल्समननं बनवलेला बारीक उंचीमापक होता. शरीर खोटं सांगतं आणि काटा खरं सांगतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

पण काटाही खोटं सांगू शकतो. क्षितिजाच्या घड्याळात आत एक भोवरा असतो. इंजिनावरचा एक पंप हवा ओढतो आणि त्या हवेनं भोवरा फिरतो. पंप मेला तर भोवरा एकदम थांबत नाही. आपण लहानपणी बघितलेलंच आहे, मरता भोवरा डुलत डुलत आडवा होतो. घड्याळही तसंच हळूहळू कलतं आणि वैमानिक त्याच्यामागं विमान कलवत नेतो. भाच्याच्या विमानातला पंप जुना झाला होता. म्हणून पंप, त्याच्या नळ्या आणि भोवरे काढून त्याच्या जागी पडदा बसवायचा होता. नव्या यंत्रात फिरणारं काही नसतं. केसापेक्षा बारीक सिलिकॉनचे दाते थरथरत असतात आणि त्यांच्या थरथरण्यातल्या फरकावरनं कल मोजला जातो. सहा घड्याळांचं काम एका पडद्यावर. शिवाय नकाशा, इंजिनाचं तापमान, पेट्रोल हे सगळं तिथंच.

पुढचे पाच महिने दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. त्याच्याकडं शनिवारची रात्र असायची. माझं इंग्रजी मोडकं, विमानाचं ज्ञान शून्य, पण तार मला कळत होती. फळीमागनं जुन्या तारांचा गुंता निघाला, त्यातल्या अर्ध्या कुठंच जात नव्हत्या. मी म्हणालो, "आधी कागदावर काढ. मग दोन्ही टोकांना नंबर घाल. आज तुला आठवतंय, सहा वर्षांनी रात्री टॉर्च धरून बघशील तेव्हा आठवणार नाही." डाग द्यायचा नाही, लग दाबून बसवायचे. थरथरणाऱ्या यंत्रात डागापाशी तार ताठ होते आणि तिथंच तुटते. माझ्या यंत्रमागांच्या पॅनेललाही हाच नियम होता. अर्थिंग सगळीकडची एकाच जागी आणायची, नाहीतर रेडिओत गुणगुण येते. दिशा सांगणारं चुंबकी यंत्र तारांपासनं आणि लोखंडापासनं लांब ठेवायचं, म्हणून ते पंखात गेलं. पडद्याला वेगळी लहान बॅटरी, म्हणजे इंजिनाचा डायनॅमो गेला तरी उतरेपर्यंत उजेड राहील. सगळं झाल्यावर विमानाचं वजन आणि तोल नव्यानं काढायचा, कारण फळीमागची चार किलो इकडची तिकडं झाली तरी तोल हलतो.

एक गोष्ट मी हट्टानं सांगितली. "जुना उंचीमापक आणि वेगाचं घड्याळ टाकू नको. एका कोपऱ्यात राहू दे."

"मामा, पडद्यावर दोन्ही आहे की."

"असू दे. साक्षीदार दोन पाहिजेत. एकाच माणसाचे दोन जबाब म्हणजे दोन साक्षीदार नव्हेत."

ही अक्कल मला आपल्या मुंबईच्याच एका अपघातानं आली होती. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो विमान सांताक्रूझहून उडालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं गेली. कॅप्टनसमोरचं क्षितिजयंत्र बिघडलं होतं. विमान सरळ असताना ते उजवीकडं कललंय असं दाखवत होतं, म्हणून ते विमान डावीकडं वळवत गेले. बाहेर अंधार आणि खाली समुद्र, डोळ्याला धरायला काहीच नाही. त्याच विमानात बरोबर चालणारी दुसरी यंत्रं होती. त्यांच्याकडं लक्ष वेधायचा प्रयत्न फ्लाइट इंजिनियरनं केल्याचं नोंदीत आहे. पण वेळ सेकंदांचा होता. पुढं जगभर वैमानिकांना हे मुद्दाम शिकवायला लागले, की धाकट्यानं थोरल्याला टोकायचं आणि थोरल्यानं ते ऐकायचं. मला हे वाचताना विहीर आठवली. काटा आमच्याकडंही खरा होता. बघणाराही होता. फक्त बोलला नाही.

पडदा आला म्हणजे धोका गेला, असंही नाही. अमेरिकेतल्या अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी मंडळानं २०१० साली घड्याळवाल्या आणि पडदेवाल्या लहान विमानांची तुलना केली. पडदेवाल्यांचे एकूण अपघात कमी होते, पण जिवावर बेतणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की यंत्र बदललं तसं शिकणंही बदलायला पाहिजे. आमच्याकडं नवा ट्रॅक्टर आला की पहिल्या वर्षी कुणीतरी बांधावरनं उलटतोच, तसंच.

डिसेंबरात पॅनेल बसलं. एका रात्री दहा वाजता, रविवार नसताना, त्याचा फोन आला. आवाज उतरलेला.

उंचीमापकाचं काम हवेच्या दाबावर चालतं. आत हवाबंद पातळ डबी असते, वर जावं तशी ती फुगते आणि काटा फिरतो. बाहेरचा दाब विमानाच्या अंगावरच्या बारीक भोकातनं नळीनं आत येतो. नळी उघडून परत जोडली की गळती तपासायची असते. भोकातनं थोडी हवा ओढायची, काटा हजार फूट वर न्यायचा आणि मिनिटभर बघत बसायचं. मिनिटात शंभर फुटांपेक्षा जास्त खाली येता कामा नये. याचा काटा तीनशे फूट आला होता. पडद्यावरही तेच.

"मग?"

"म्हातारा म्हणतोय काही होत नाही. तीस वर्षं असंच उडवलं म्हणतोय. स्वच्छ उन्हात उडवायचं, तेवढ्या गळतीनं काय होतंय. उद्या सकाळी मित्र येणारेत मामा, सगळ्यांना सांगून ठेवलंय."

म्हातारा म्हणजे ज्यानं ते विमान बांधलं, तो. भाच्याला त्यानं उडवायलाही शिकवलेलं. त्याचा शब्द मोडायचा याला धीर होत नव्हता.

मी म्हणालो, "तुला कांद्याची गोष्ट आईनं सांगितलीय?"

"मोटर जळाली ती? सांगितलीय की. हसत सांगते."

"मोटर जळाली नाही. मी जाळली. मला काटा दिसला होता."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. सदतीस वर्षं घरात सगळे समजत होते, की आप्पांनी डायरेक्ट करायला लावलं आणि पोराला काय कळतंय. मी बारावर गेलेला काटा सांगितला, बॅटरीचा उजेड सांगितला आणि झोपही सांगितली. पलीकडनं बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "बरं मामा. उघडतो."

दोन आठवडे गेले. फळी परत काढावी लागली. प्लास्टिकच्या नळीचा एक तीन तोंडी जोड पुरता आत बसला नव्हता. बाहेरनं बघितलं तर बसल्यासारखा दिसायचा. म्हाताऱ्यानं स्वतः चष्मा लावून तो बघितला आणि भाच्याच्या पाठीवर थाप मारली म्हणे. त्या गळतीसकट उडाला असता तर काहीतरी भयंकर झालं असतं, असं मी म्हणणार नाही. बहुतेक काहीच झालं नसतं. पण 'बहुतेक'वर आमचा कांदा गेला होता.

अक्काला मात्र धास्ती होतीच. आदल्याच वर्षी विदर्भातला एक वेल्डरकाम करणारा तरुण घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं लागून गेला होता. त्याची चित्रफीत तिच्या मोबाइलवर आली होती. हुशार पोरगा, शिक्षण थोडं, जिद्द मोठी. त्याच्याजवळ कागद तपासणारं, थांब म्हणणारं, जोखून बघणारं कुणी असतं तर, असं राहून राहून वाटतं. आपल्याकडं अशा पोरांची आपण बातमी करतो, हार घालतो. त्याच्या पॅनेलमागं बघायला कुणी जात नाही. अक्कानं मला विचारलं, "तू सांगितलंस ते ऐकतो का तो?" मी म्हणालो, "माझं नाही ऐकत. काट्याचं ऐकतो."

आता आमच्या सोलापुरातनंही विमान उडतं. होटगी रस्त्यावरचं विमानतळ कैक वर्षं असून नसल्यासारखं होतं. जवळच्या साखर कारखान्याच्या वीजनिर्मितीची चिमणी विमानाच्या वाटेत येते की नाही, यावरनं गाव दोन पॅनेलांत वाटलं गेलं. शेवटी १५ जून २०२३ ला ती चिमणी पाडली. काही रडले, काहींनी पेढे वाटले. चिमणी साधारण तीनशे फुटांची होती. उंचीमापकाच्या खिडकीत हवेचा दाब दहा अंकांनी चुकीचा लावला, तर काटा जवळजवळ तेवढ्याच फुटांनी चुकतो. मुंबईत समुद्राकाठी शून्याजवळ असलेला काटा सोलापुरात जमिनीवरच पंधराशेच्या आसपास पाहिजे. मे महिन्यात दुपारी त्रेचाळीस अंश ऊन असताना हवा एवढी विरळ होते, की पंखांना आपण पाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. म्हणजे महाबळेश्वराच्याही वर. धावपट्टी तीच, पण उठायला जास्त धावावं लागतं. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटतं, इंजिन दमलंय.

९ जून २०२५ पासून सोलापूर-गोवा विमान सुरू झालं. त्या पावसाळ्यात मी अक्काला घेऊन गेलो. दोघांचाही पहिलाच प्रवास. पंख्याचं विमान, चढायचं मागच्या दारानं. कॉकपिट एकदम पुढच्या टोकाला, त्यामुळं पॅनेल याही खेपेला बघायला मिळालं नाही. ढगात शिरलो तसं खिडकीबाहेर नुसतं पांढरं झालं. अक्कानं माझं मनगट धरलं.

"आता त्यास्नी तरी काय दिसतंय का?"

"बाहेरचं न्हाई. आतलं दिसतंय."

"आत कितीजण हायत?"

"दोघं."

थोडा वेळ ती गप्प बसली. मग खिडकीकडं बघतच म्हणाली, "धाकटा बोलतो न्हवं?"

मी तिच्याकडं बघितलं. ती हसत नव्हती. भाच्यानं तिला सगळं सांगितलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"आता बोलतो," मी म्हणालो.

तिनं मनगट सोडलं नाही, पण पकड सैल केली. पुढं ढग संपले आणि खाली घाट दिसायला लागला.